गार पाण्यातली हळद

हळदीला नवा शर्ट घालून जाऊ नये, एवढी साधी गोष्ट अवधूत टिपणीसांना कळत नव्हती असं कुणी समजू नये. त्यांना ती कळत होती. फक्त ती आपल्याला लागू आहे, असं त्यांना वाटत नव्हतं. शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून उभा जन्म काढला की माणसाचं असं होतं. नियम असतात ते इतरांसाठी, आणि ते इतरांना वाचून दाखवायला आपण असतो.

हळद होती तळमजल्यावरच्या दौलत पाटलांच्या भाविकची. भिवंडीच्या कामतघरात पाटलांकडची हळद म्हणजे लग्नाहून मोठं प्रकरण. लग्न काय, भटजी लावतो. हळद अख्खा गाव लावतो. रस्ता अडवून मांडव, मांडवात पिवळेजर्द हॅलोजन, बँजोवाले, आणि बँजोच्या आवाजात बाजूच्या कारखान्यातल्या लूमची खटखटसुद्धा ऐकू येईना. पुरुषमंडळी झाडून पांढऱ्या कपड्यांत. मग टिपणीसांनीही आपला नवा शर्ट काढला.

"तो नको हो," अनसूयाबाई म्हणाल्या. "तो साखरपुड्याचा आहे."

"मला कोण हळद लावतंय?" टिपणीस कॉलर ताठ करत म्हणाले. "लोक ओळखतात मला."

लोक ओळखत होते, तिथेच घोटाळा झाला. अनोळखी असते तर सुटले असते. दौलतची आत्या गुणाबाई, ऐंशीच्या घरातली, हातात परात घेऊन फिरत होती. तिला टिपणीस दिसले आणि तिचा ऊर भरून आला. "ह्ये आपलं टिपनीस सायेब हाईत! भाविकच्या दाखल्यावरची चुकीची तारीख यांनीच नीट केलीन. यांना न्हाय लावाची त मंग कोनाला?" असं म्हणून तिने परातीत हात बुडवला आणि टिपणीसांच्या छातीवर पाची बोटं उमटवली. मग मान पुरा व्हावा म्हणून पाठीवरही एक थाप मारली. टिपणीस हसले. हसले म्हणजे दात दाखवले. शर्ट साधासुधा नव्हता.

हा शर्ट व्याह्यांनी दिलेला होता. टिपणीसांच्या तनयाचं चिटणीसांच्या वरदशी ठरलं होतं. चिटणीस हे कापड रंगवायच्या कारखान्यात डाइंग मास्टर. गावात कुणाच्याही अंगावरचं कापड आधी चिमटीत धरून बघायचे आणि मग त्या माणसाशी बोलायचे. ठरवाठरवीच्या संध्याकाळी ते शर्टपीस घेऊन आले, आणि त्यांनी ते पुडक्यातून बाहेर काढायला आणि भिवंडीची वीज जायला एकच गाठ पडली. लोडशेडिंगचेच दिवस होते, कुणाला नवल वाटलं नाही. अनसूयाबाईंनी मेणबत्ती आणली.

"एकाच ताग्यातली दोन पिसं काढलीत," चिटणीस म्हणाले. "एक तुमचं, एक माझं. साखरपुड्याला दोघं व्याही एका कापडात उभे राहू. शेड बघा, टिपणीस, शेड! हा माझा स्वतःचा. सहा महिने खपलोय यावर. उकळा, आपटा, रंग हलला तर नाव बदलीन."

टिपणीसांनी मेणबत्ती जवळ नेली, कापडाकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "वा!"

मग ते पीस पिशवीतून शिंप्याकडे गेलं आणि एका संध्याकाळी पिशवीतूनच शिवून परत आलं, ते हळदीपर्यंत पिशवीतच राहिलं. ही पिशवी वाचकांनी लक्षात ठेवावी. टिपणीसांनी ठेवली नाही.

साखरपुडा रविवारी होता आणि हळद झाली सोमवारी. मधे आठवडा असल्यामुळे टिपणीस निर्धास्त होते. "डाग म्हणजे काय, एक क्षुल्लक बाब," असं म्हणून ते मंगळवारी अंघोळीला गेले. बाहेर आले तर अनसूयाबाई मोरीत शर्टाला साबण लावत होत्या, आणि एकदम त्यांची किंकाळी ऐकू आली.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि लेकीच्या सासऱ्याने दिलेल्या शर्टावर रक्तासारखा लालभडक पंजा बघणं वेगळं. नेमके त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी काळूराम पाणी किती वाजता सुटणार ते सांगायला दारात उभे. त्यांनी बादली पाहिली, बादलीतला पंजा पाहिला, उघडे टिपणीस पाहिले.

"काय झाला?" त्यांनी चार पावलं मागे सरून विचारलं.

"हळद आहे," टिपणीस म्हणाले.

"हां, हां. हलद," काळूराम म्हणाले, पण त्यांचा विश्वास बसला नाही. ते जाताना दोनदा वळून बघत गेले. टिपणीसांना फार अपमान वाटला. आजवर त्यांच्या चारित्र्यावर साधा शाईचा डाग नव्हता.

आता सल्ले सुरू झाले. पहिला सल्ला घरातलाच. अनसूयाबाईंचं मत, चांगलं कढत पाणी ओतावं. तनयाचं मत नेमकं उलट. ती बी.एस्सी.ला होती आणि तिने साबणाच्या पावडरीचा पुडा मागून वाचला होता. मागून पुडा वाचणारी त्या घरातली ती पहिलीच व्यक्ती.

"आई, गरम पाण्याने डाग पक्का होतो. इथे लिहिलंय, हट्टी डागांसाठीसुद्धा तीस अंश तापमान पुरेसं. गार पाण्यात भिजवायचं, वेळ द्यायचा."

"तीस अंश म्हणजे किती?" टिपणीसांनी विचारलं.

प्रश्न वाटतो तितका बावळट नव्हता. मे महिना होता. टिपणीस राहत तिसऱ्या मजल्यावर, आणि त्यांच्या डोक्यावर गच्चीत सोसायटीची काळी टाकी. नळ सोडला की त्यातून थेट चहा करता येईल असं पाणी यायचं. भिवंडीत गरम पाणी हवं असेल तर नुसता नळ सोडावा, गार हवं असेल तर खटपट करावी. जगात लोक पाणी तापवायला पैसे मोजतात, आणि टिपणीसांना ते निववायचं होतं.

शिवाय मोजायचं कशाने? घरात ताप बघायचा थर्मामीटर होता. तो बादलीत धरला तर पारा वर चढून बसला.

"पाण्याला ताप आहे," टिपणीस गंभीरपणे म्हणाले.

तनयाने हिशेब करून सांगितलं की तीस सेल्सिअस म्हणजे शहाऐंशी फॅरनहाइट, आणि हा थर्मामीटर चौऱ्याण्णवच्या खाली काही दाखवतच नाही. म्हणजे पारा जेव्हा काहीही दाखवणार नाही, तेव्हा पाणी बरोबर आहे असं धरायचं. टिपणीसांना हे पटलं. सरकारी कामाचा त्यांचा अनुभव असाच होता. वरून काहीच उत्तर आलं नाही की मंजुरी आहे असं समजायचं.

पण पारा खाली यायला बर्फ हवा. टिपणीसांच्या फ्रिजमध्ये बर्फाचा एक ट्रे, आणि फ्रिज लोडशेडिंगवर. दौलत पाटलांना कळलं तसे ते धावत वर आले. आपल्या आत्यामुळे सायबांचा शर्ट बिघडला याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. "बर्फाची काय बात हाय? अख्खी लादी आनतो!" म्हणाले, आणि घटकाभरात स्वतःच्या खांद्यावरून गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन आले. कुठून आणली हे टिपणीसांनी विचारलं नाही. ती मासळी बाजारातून आली होती, हे शर्ट दोन तास भिजल्यावर आपोआप कळलं.

टिपणीसांना मासळीच्या वासाचं वावडं नव्हतं. रविवारी त्यासाठीच तर ते जगत. पण तो वास ताटातून यावा, कॉलरमधून येऊ नये, एवढी त्यांची माफक अपेक्षा होती.

तरी एक मान्य करायला हवं. गार पाण्याने काम केलं. पुड्यावरची पावडर, बर्फाचं पाणी, दोन तास भिजवणं, हलक्या हाताने चोळणं, आणि गुणाबाईंचा पंजा नाहीसा झाला. छातीवरचाही आणि पाठीवरचाही. अनसूयाबाईंनी शर्ट झटकला आणि खिडकीत उन्हात धरला. तिघांनी पाहिलं.

पंजा गेला होता. पण अख्खा शर्ट पिवळसर दिसत होता.

"पसरली," अनसूयाबाई हळूच म्हणाल्या.

"काय?"

"हळद. एका जागी होती ती सगळीकडे पसरली. आणखी भिजवा गार पाण्यात!"

टिपणीस खुर्चीत बसले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, एवढंच त्यांना सुचलं. तनया पुडा उलटसुलट करून वाचत राहिली, पण हळद पसरल्यास काय करावं, याबद्दल कंपनीने काही लिहिलं नव्हतं.

तिथून पुढे त्या शर्टाचे जे हाल झाले ते शत्रूच्या शर्टाचेही होऊ नयेत. समोरच्या बिऱ्हाडातून लिंबू आलं. लिंबाने काही फरक पडेना म्हणून दही आलं. दौलत पाटील म्हणाले, "अकलोलीला कुंडात बुडवून आना. मानसाची खरूज जाते, मंग हलद कशी जानार न्हाय?" टिपणीस चप्पल घालून निघालेसुद्धा होते. तनयाने दारात अडवलं. कुंडाचं पाणी उकळतं असतं आणि आपलं धोरण गार पाण्याचं आहे, याची तिने आठवण करून दिली. धोरण म्हटल्यावर टिपणीस थांबले. धोरण मधेच बदललं की काय होतं, ते त्यांनी शाळेत पुष्कळदा पाहिलं होतं.

मग कुणीतरी म्हणालं की हळदीवर खरा उपाय ऊन. ऊन होतं गच्चीत, आणि गच्चीला कुलूप होतं. मागच्या वर्षी दोन बिऱ्हाडांत कुरडयांवरून मारामारी झाली, तेव्हापासून चावी काळूरामांकडे असे.

"अर्ज द्या," काळूराम म्हणाले.

टिपणीसांनी सुवाच्य अक्षरात अर्ज दिला. काळूरामांनी तो चष्मा लावून वाचला आणि परत केला. "कारन काय लिवलंय? 'शर्ट वाळत घालणे.' शर्टाला गॅलरीत दोरी हाय. गच्चीच कशाला पायजे, ते येत न्हाय यात. आनि कमिटीची सही लागंल."

जन्मभर ज्यांनी लोकांचे अर्ज 'कारण अपुरे' म्हणून परत केले, त्या टिपणीसांचा अर्ज कारण अपुरं म्हणून परत आला. त्यांना भयंकर राग आला, आणि रागाहून वाईट म्हणजे काळूरामांचा मुद्दा बरोबर आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी दुसरा अर्ज लिहिला. कमिटीच्या सह्या होऊन चावी मिळेपर्यंत गुरुवार उजाडला. शर्ट दिवसभर गच्चीत तापला. संध्याकाळी खाली आला तो कडक, खरखरीत आणि होता तसाच पिवळसर.

"ही हळद साधी नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "गुणाबाईंनी त्यात काहीतरी घातलं होतं."

टिपणीसांना त्या रात्री जेवण गेलं नाही. प्रश्न शर्टाचा नव्हता. चिटणीसांनी मानाने दिलेली पहिली वस्तू, ती आठवडाभरसुद्धा सांभाळता आली नाही, हे ते पोरीच्या सासरच्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? ज्यांना शर्ट सांभाळता येत नाही त्यांनी पोरीला काय वळण लावलं असेल, असं विहीणबाई म्हणाल्या तर? अख्ख्या भिवंडीत डागांतलं खरं कळणारा एकच माणूस होता, आणि नेमकं त्यालाच विचारता येत नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी विचारलंच. नव्या मोबाइलवरून, गॅलरीत उभं राहून, अतिशय सहज आवाजात.

"चिटणीस, आमच्या शाळेतले एक गृहस्थ विचारत होते. पांढऱ्या कापडावर हळद पडली तर काय करावं?"

"पांढऱ्या ना? शंभर टक्के पांढऱ्या?"

"पांढऱ्याशुभ्र."

"मग रडतायत कशाला? गार पाण्यात ब्लीचिंग पावडर. उकळायचं नाही, नुसतं बुडवून ठेवायचं. रंगीत असतं तर हात लावू नका म्हणालो असतो. पांढऱ्याला काय भीती!"

टिपणीसांचा जीव भांड्यात पडला. ब्लीचिंग पावडर काळूरामांकडे होती, टाकी धुवायची. तिच्यासाठी अर्ज करावा लागला नाही. लाल पंजा पाहिल्यापासून काळूराम टिपणीसांना जरा घाबरून असत. बर्फ या वेळी दुधाच्या डेअरीतून आणला. शर्ट बुडवला, झाकण ठेवलं, आणि टिपणीसांनी देवापुढे उदबत्ती लावली.

शर्ट बाहेर आला तो पांढराफेक! बगळ्याने बाजूला सरावं असा. अनसूयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, काही आनंदाने आणि काही त्या पावडरीने. टिपणीसांनी स्वतः इस्त्री केली. "गार पाणी," ते तनयाला म्हणाले. "माणसाने धीर धरला तर गार पाण्यात काहीही निघतं." हे वाक्य किती खरं आहे, ते त्यांना रविवारी कळायचं होतं.

साखरपुडा पाटलांच्याच मांडवात झाला. "मांडव उभाच हाय, सोडायची घाई काय हाय?" असं म्हणून दौलतने तो राखून ठेवला होता. सकाळचं लख्ख ऊन होतं. टिपणीस पांढऱ्या शर्टात, छाती पुढे काढून, मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले. रिक्षा थांबल्या. चिटणीस उतरले. एका ताग्यातला त्यांचा शर्ट त्यांनीही घातला होता.

तो पिवळसर होता.

सायीसारखा, मऊ, अगदी हलका पिवळसर. उन्हात इतका देखणा दिसत होता की टिपणीसांच्या तोंडून पुन्हा एकदा 'वा!' निघून गेलं असतं, पण त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं होतं. शेजारी अनसूयाबाईंनी पदर तोंडाला लावला. दही, लिंबू, गच्ची, अर्ज, मासळीचा बर्फ, सगळं दोघांच्या डोळ्यांसमोरून गेलं. हळद मंगळवारीच निघाली होती. त्यानंतर तीन दिवस ते चिटणीसांचा रंग काढत होते.

चिटणीस जवळ आले. सवयीने त्यांनी टिपणीसांची बाही चिमटीत धरली. बोटं कापडावरून फिरली आणि थांबली. काठ उलटून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला.

"उकळलंत का?" त्यांनी हळू विचारलं.

"नाही हो! गार पाण्यात."

हे ऐकून तर त्यांना आणखीच लागलं. उकळून रंग गेला असता तरी एक वेळ चाललं असतं. गार पाण्यात गेला म्हणजे सहा महिने पाण्यात गेले. मागून त्यांच्या घरची मंडळी येत होती, कारखान्यातले दोघं सोबती होते, आणि विहीणबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अहो, हे एकाच ताग्यातलं ना? मग यांचं पांढरं कसं?"

टिपणीसांनी चिटणीसांकडे पाहिलं. अर्ज परत आला तेव्हा आपला चेहरा असाच झाला असेल, असं त्यांना वाटलं. आणि कसलाही विचार न करता ते मोठ्याने बोलून गेले, "हा तुमचा शर्ट नाहीच. तो मी हळदीत खराब करून ठेवला. माझीच चूक. हा साधा बाजारातला आहे."

विहीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे मानाचा शर्ट घालून हळदीत नाचलात?"

"हो," टिपणीस म्हणाले. आपण नाचलो नव्हतो, हे सांगून काही फरक पडणार नव्हता, म्हणून त्यांनी ते सांगितलं नाही. तनयाने मात्र मान खाली घातली, आणि ते पाहून त्यांना फार वाईट वाटलं.

चिटणीस बाही सोडेनात. त्यांच्या कपाळावर कसलंसं गणित चाललं होतं. "हळद," ते पुटपुटले. "पांढरं कापड. शाळेतले एक गृहस्थ." मग एकदम त्यांचे डोळे उघडले. त्यांच्या रंगाला ब्लीचने मारलं होतं, गार पाण्याने नव्हे, आणि ब्लीच कुणी सांगितलं हेही त्यांना आठवलं. ब्लीचपुढे कुणाचाच रंग टिकत नाही. चेहऱ्यावर रक्त परत आलं. आता हे सगळ्यांना ओरडून सांगायचं, म्हणजे आपली शेड वाचली. पण मग व्याह्यांना आपण दिलेल्या कापडाचा रंगही ठाऊक नव्हता, हे चारचौघांत निघालं असतं.

चिटणीस वळले. गुणाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या होत्या. "आजी, जरा पाण्याचा हात द्या यात," ते म्हणाले. ओली हळद कालवून त्यांनी अख्खा पंजा बुडवला, आणि बरोब्बर गुणाबाईंच्या जागी, टिपणीसांच्या छातीवर उमटवला. मग दुसरा स्वतःच्या शर्टावर.

"हां," ते बायकोला म्हणाले. "आता झाले एका रंगाचे. पुढे चला, गुरुजी खोळंबलेत."

गुणाबाई बोळकं पसरून हसल्या. "आता कसं व्याही दिसतात!" आणि बँजोवाले नसतानाही दौलतने शिट्टी मारली.

फोटोग्राफरने दोघांना शेजारी उभं केलं. हसा म्हणाला, म्हणून दोघं हसले, आणि ओठ न हलवता चिटणीस म्हणाले, "पांढराशुभ्र म्हणालात फोनवर."

"मेणबत्तीत मला तसाच दिसला हो."

"काही दिसत नव्हतं, मग 'वा' कशाला म्हणालात?"

"तुम्ही इतक्या हौसेने दाखवत होतात," टिपणीस म्हणाले.

चिटणीसांनी टिपणीसांचा हात घट्ट धरला, म्हणून फोटोत दोघांचेही हात पिवळे आलेत. संध्याकाळी अनसूयाबाई शर्ट मागायला आल्या, गार पाणी काढलंय म्हणाल्या. टिपणीसांनी शर्ट घडी करून कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.